ताईच्या फोननंतरचं पत्र

ताईने फोनवर एवढंच सांगितलं: पोरगा तीन रात्री घरी आलेला नाही, ऑर्डरींचं टेबल संथ झालंय म्हणतो, त्यावर सहावा इंडेक्स टाकतोय. मामाने त्याच रात्री भाच्याला पत्र लिहायला घेतलं. 'चि. बाळास अनेक आशीर्वाद' आणि लगेच, 'प्रायमरी की बदललीस का?'

दिवाळीत फराळ करताना भाचा सांगून गेला होता, की प्रायमरी की म्हणून छत्तीस अक्षरी रँडम यूयूआयडी घेतलाय. तेव्हा मामा गप्प राहिला होता. तेच आता सलत होतं.

मायएसक्यूएलच्या इनोडीबीत क्लस्टर्ड इंडेक्स म्हणजे खुद्द टेबलच. बी-ट्रीच्या तळाशी, सहसा 16 केबीच्या पानांत, प्रायमरी कीच्या क्रमाने अख्ख्या ओळी बसतात. मामाने आजोबांच्या वखारीतली रोजकीर्द आठवून दिली: नवी नोंद शेवटी, पान भरलं की पुढचं पान, खतावणीत रोजकीर्दीचा पान क्रमांक. 'नोंद कुठे लिहायची हे आजोबांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं असतं तर?' रँडम की तेच करते. भरलेल्या पानात मधेच ओळ घुसते, पान दुभंगतं, दोन्ही पानं अर्धवट रिकामी राहतात. तेवढ्याच ओळींसाठी मेमरीत जास्त पानं आणावी लागतात. शिवाय दुय्यम इंडेक्सच्या प्रत्येक नोंदीत प्रायमरी कीची नक्कल असते. बिगइंटला 8 बाइट पुरतात, या मजकुराला 36. 'आणि तू त्यावर सहावा इंडेक्स टाकतोस! आधी प्रायमरी की बघ.'

यूयूआयडी हवाच असेल तर 16 बाइटच्या बायनरी रकान्यात ठेव, 2024 च्या आरएफसी 9562 मधली सातवी आवृत्ती घे, तिच्या सुरुवातीलाच वेळ असते, असंही त्याने लिहिलं. 'एवढं शिकून हे सुचू नये?'

हे लिहून तो थांबला. तरुणपणी त्याने एसक्यूएल सर्व्हरवर ग्राहकाच्या नावावरच क्लस्टर्ड इंडेक्स केला होता. नाव दुरुस्त केलं की ओळ उठून दुसरीकडे जायची. तो रोज रात्री इंडेक्स नव्याने बांधत बसे, पण चूक कोणाला सांगितली नाही. त्याच पायी ताईच्या हळदीला पोचला नाही. ताईने कधी विचारलंही नाही.

पुढचं अक्षर जरा गिचमिड आहे. 'रागावलो, मनाला लावून घेऊ नकोस. दिवाळीतच बोलायला हवं होतं मी. रविवारी येतो, टेबलाची रचना कागदावर काढून ठेव, दोघं मिळून प्रायमरी की बदलू. आज मात्र घरी जा. ताई जेवायची थांबली असेल.'