आधी काटा चढला, की आधी जोर गेला?

अगं, ‘गाडी तापते आणि ओढतच नाही’ एवढंच सांगितलंस, तर मिस्त्री कूलंट भरून देईल आणि आठवड्याभरात तू पुन्हा त्याच्या दारात उभी असशील. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीच्या घाटात नेमकं काय झालं, ते नीट आठव. आधी तापमानाचा काटा चढला, की आधी गाडीचा जोर गेला? माझ्या मते सगळं निदान या एका उत्तरावर आहे.

काटा आधी चढला असेल, तर जोर जाणं हा वेगळा बिघाड नाही. आजकालच्या गाड्यांत इंजिन फार तापलं की कॉम्प्युटर स्वतःच ताकद कमी करतो, कधी एसीही बंद करतो. इंजिन वाचावं म्हणून. अशा वेळी आपण ॲक्सिलरेटर आणखी दाबतो, तेच सगळ्यात वाईट. पण काटा ठीक असताना आधी पिकअप गेला आणि मग गाडी तापली, तर कूलंटमागे लागू नकोस. इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, जळका वास येतो, म्हणजे क्लच प्लेट घसरतेय. उतरल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं वाटलं, तर ब्रेक धरून राहिलाय. हात लावू नकोस, जवळ नेलास तरी धग कळते.

आता गाडी तापते कुठे, तेही बघ. पांढुर्ण्याच्या बाजारात रांगत चालताना तापते आणि हायवेला लागल्यावर काटा खाली येतो? मग रेडिएटरचा पंखा तपासायला सांग. उलट, सपाटीला ठीक आणि सिल्लेवानीत किंवा मुलताईकडच्या चढाला तापत असेल, तर कूलंट कमी आहे, रेडिएटर तुंबलाय किंवा थर्मोस्टॅट अडकलाय. तो साधारण ८० ते ९० अंशांना उघडायला हवा. तो उघडलाच नाही, तर रेडिएटरचा वरचा पाइप कडक तापतो आणि खालचा बराच थंड राहतो. रेडिएटर आतून चोंदला तरी असंच होतं, म्हणून दोन्ही बघायला लाव. जाळी बाहेरूनही बघ. आपल्याकडे धूळ, किडे, कापसाचे तंतू पंख्याच्या ओढीने तिथे जाऊन बसतात.

आणि बाई, बोरचं पाणी ओतणं बंद कर. त्याचा खार आत धरतो. अडल्यावेळी एकदा चालेल, पण मग सगळं काढून डिस्टिल्ड पाणी आणि कंपनीने सांगितलेलं कूलंट भर, बहुतेक गाड्यांत निम्मं-निम्मं.

घाटात काटा चढू लागला, तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली. हीटर इंजिनचीच उष्णता ओढून घेतो. मे महिन्यात जीव नको होईल, तरी कर. वाफ दिसली किंवा काटा लाल रेघेला टेकला, की सुरक्षित जागा बघून इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल झालं की मात्र शिट्टी न काढता उघडलेल्या कुकरसारखं तोंडावर येतं. तापल्या इंजिनवर गार पाणीही मारू नकोस, हेडला तडा जातो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव: तापलेल्या गाडीचा काटा एकदम खाली आला, तर निवली असं समजू नकोस. कूलंट पार संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगतो.

स्कॅनर लावून पी ०२१७ असा कोड आला, तर इंजिन तापलं होतं एवढंच कळतं, का तापलं ते नाही. म्हणून प्रेशर टेस्ट करून गळती शोधायला सांग. बाहेर थेंबही दिसत नसताना कूलंट कमी होत असेल, गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, ऑइल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केटचा संशय धर आणि गाडी टोचन करूनच ने.

कामावर उशीर झाला तर होऊ दे. गळती सापडेपर्यंत छिंदवाड्याला बसने जा.