तान्ह्या बालकाचे दूध टाकणे : स्वाभाविक कोणते, संकटसूचक कोणते?

‘बाळ सारखे दूध टाकते, त्याला पित्त झाले असावे, एखादे हलके औषध द्या.’ ही मागणी ज्याच्या कानी आली नाही असा वैद्य किंवा आयुर्वेदीय औषधालयाचा चालक विरळाच. मागणी करणारी आजी वा माता काळजीने आलेली असते, हाती काही न देता तिला परत पाठवणे आपल्याला अवघड वाटते आणि बहुधा एखादी पुडी दिली जाते. बालक पुढे आपोआप बरे होते व त्याचे श्रेय पुडीला मिळते. परंतु शेकड्यांत एखादे बालक असे असते, की त्याच्या बाबतीत पुडीत गेलेले चार दिवस फार महाग पडतात. म्हणून प्रस्तुत लेखात औषधांची यादी देण्यापेक्षा ‘कोणत्या बालकाला औषध नको आणि कोणत्या बालकाला तत्काळ पुढे पाठवावे’ ही सीमारेषा स्पष्ट करण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

(१) हे का घडते?

अन्ननलिका जेथे आमाशयास मिळते, तेथे स्नायूंचे एक वलय असते. आमाशयातील द्रव्य वर येऊ न देणे हे त्याचे कार्य. तान्ह्या बालकात हे वलय दिवसातून अनेकदा क्षणभर सैल पडते. त्यातच बालकाची अन्ननलिका आखूड, आहार सर्वस्वी द्रवरूप आणि बराचसा काळ आडवे राहण्यात जातो. परिणामी दुधाची गुळणी सहज वर येते. ही तक्रार बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांत सुरू होते, चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि बालक बसू लागले, वरचे अन्न खाऊ लागले की कमी होत जाते. एक वर्षाच्या आत दहापैकी सुमारे नऊ बालकांत ती पूर्णपणे थांबते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुधामुळे आमाशयातील आम्लता काही काळ बरीच निष्प्रभ होते. म्हणून स्तन्यपानानंतर लगेच येणारी गुळणी ही बहुतांशी आम्लरहित किंवा अल्पाम्ल असते. दूध फाटलेले दिसते म्हणून ‘पित्त’ झाले असे म्हणता येत नाही. आमाशयात दुधाचे दही होणे हा पचनाचाच प्रारंभ आहे.

(२) ग्रंथोक्त विचार

काश्यपसंहितेच्या खिलस्थानात व माधवनिदानात अम्लपित्ताचे सविस्तर वर्णन आहे. परंतु त्यातील विरुद्धाशन, विदाही अन्न इत्यादी हेतू क्षीरप बालकाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. बालकासाठी अधिक उपयुक्त आहे तो काश्यपांचा वेदनाध्याय. जे बालक बोलू शकत नाही, त्याची पीडा केवळ निरीक्षणाने कशी ओळखावी, हा त्या अध्यायाचा विषय. स्तन सोडून रडणे, पोट ताठ होणे, मुखावर घाम येणे ही शूलाची चिन्हे तेथे सांगितली आहेत. छर्दीच्या संदर्भात वारंवार येणारे उद्गार, निद्रा व जृंभा यांचा निर्देश आहे. कोणतेही यंत्र नसताना केलेले हे निरीक्षण आजही वैद्याला मार्गदर्शक आहे.

अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात क्षीरालसक हा व्याधी वर्णिला असून त्यास दारुण अत्यय म्हटले आहे. त्यात छर्दी असते, पण तिच्या जोडीला दुर्गंधी व विविधवर्णी मल, ज्वर, तृष्णा, अरोचक ही लक्षणेही असतात. तात्पर्य, साधी गुळणी आणि बालकाला संकटात टाकणारी छर्दी या दोन वेगळ्या अवस्था आहेत, ही जाणीव प्राचीनांना होती. (त्या प्रकरणातील वमनोपचार आज तान्ह्या बालकात करण्याचा प्रश्नच येत नाही, हे वेगळे सांगावयास नको.)

(३) एक रुग्णानुभव

व्यवसायाच्या प्रारंभीच्या वर्षांतील स्वतःची एक चूक येथे नमूद करणे आम्हास आवश्यक वाटते. तीन आठवड्यांचे, प्रथम प्रसूतीचे एक बालक आमच्याकडे आणण्यात आले. तक्रार एकच, दूध टाकते. बालक तरतरीत होते, ओकल्यावर पुन्हा भुकेने स्तनाकडे झेपावत होते. आम्ही स्तन्यदुष्टीचे निदान केले, मातेस मुस्तादी क्वाथ दिला, तिचे डिंकाचे लाडू बंद केले व चार दिवसांनी बोलावले. चार दिवसांनी फरक नव्हता. आम्ही क्वाथ बदलला व आणखी चार दिवस दिले. बालकाचे वजन दोन्ही वेळा घेतले नाही. चिकित्सालयात केवळ मोठ्यांचा काटा होता.

आठव्या दिवशी आजी एकटीच येऊन म्हणाली, ‘‘डॉक्टर, दूध आता सांडत नाही, उडतं. पार समोरच्या भिंतीपर्यंत जातं. आणि कालपासून लंगोट दोनदाच ओला झालाय.’’ निदान आजीने केले होते, आम्ही नव्हे. बालकास त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. सोनोग्राफीत आमाशयाच्या खालच्या मुखाशी स्नायू जाड होऊन मार्ग अरुंद झाल्याचे दिसले. शिरेवाटे द्रव व क्षार देऊन शरीरातील बिघडलेला समतोल आधी सावरावा लागला, नंतर शस्त्रकर्म झाले. बालक वाचले व आज धडधाकट आहे. परंतु ते आठ दिवस आमचे होते. हा विकार प्रायः तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात प्रकट होतो, मुलांमध्ये मुलींपेक्षा बराच अधिक आढळतो आणि ‘ओकूनही भुकेले’ हेच त्याचे लक्षण असते. ज्या चिन्हाने आम्ही निश्चिंत झालो, तेच चिन्ह धोक्याचे होते.

(४) तपासणी : तीन गट

प्रत्येक बालकास खालीलपैकी एका गटात बसवल्याविना औषधाचा विचार करू नये.

(अ) स्वाभाविक गट : दूध ओठांवाटे ओघळते, जोराने उडत नाही. बालक हसरे, स्तन्यपानास उत्सुक. दिवसात सहा किंवा अधिक वेळा लघवी. वजन नियमित वाढते. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते, दोन आठवड्यांच्या सुमारास जन्मवजन भरून येते व पुढे पहिले तीन महिने दररोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ होते, हे प्रमाण लक्षात ठेवावे.

(आ) सदोष गट : पिताना मध्येच स्तन सोडून रडणे, पाठ मागे ताणून कमान करणे, दूध नाकारणे, वारंवार खोकला किंवा घरघर, वजनाची वाढ मंदावणे. यांतील पाठ ताणणे किंवा रडणे हे एकटे लक्षण पुरेसे नाही. निरोगी बालकही सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाचे दोन-तीन तास रडू शकते. परंतु लक्षणे एकत्र आली अथवा वजन वाढेनासे झाले, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मलात रक्त वा आव, अंगावर कोरडे खाजरे चट्टे अशी जोड असल्यास गाईच्या दुधातील प्रथिनांचे असात्म्य असू शकते. अशा वेळी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मातेच्या आहारातून दूध व दुग्धजन्य पदार्थ दोन ते चार आठवडे वगळून पाहतात. सरसकट प्रत्येक मातेचे दूध-तूप बंद करणे अयोग्य.

(इ) संकटसूचक गट : खालीलपैकी एकही चिन्ह दिसल्यास त्याच दिवशी, विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे.

१. हिरवी किंवा गडद पिवळी उलटी. आतड्याला पीळ पडल्याची शक्यता असते व येथे तासांना महत्त्व असते.
२. प्रत्येक पानानंतर जोराने उडणारी आणि दिवसेंदिवस वाढणारी उलटी.
३. उलटीत वा मलात रक्त.
४. पोट फुगणे, ताठ होणे किंवा मल-वायू बंद होणे.
५. ज्वर, ग्लानी, न उठणारी झोप, दूध ओढण्याची शक्ती नसणे.
६. टाळू फुगणे, आकडी येणे.
७. लघवी कमी होणे, टाळू खोल जाणे, ओठ-जीभ कोरडी पडणे.
८. श्वास अडखळणे, निळसरपणा येणे.

सहा महिन्यांनंतर प्रथमच सुरू झालेली किंवा वर्षानंतरही टिकलेली तक्रार स्वाभाविक मानू नये.

(५) शमनोपाय

पहिल्या गटातील बालकास औषधाची नव्हे, तर मातेला योग्य पद्धतीची गरज असते.

स्तन्यपान पाहावे. मातेला आपल्यासमोर बालकास पाजावयास सांगावे. केवळ स्तनाग्र तोंडात असेल, तर बालक दुधाबरोबर वायूही गिळते. स्तनाग्राभोवतीचा काळा भागही पुष्कळसा तोंडात असावा. दूध जोराने येत असेल, तर मातेने मागे रेलून पाजावे. दूध मुळातच भरपूर असताना केवळ रिवाज म्हणून शतावरी कल्प चालू असेल, तर तो थांबवणे हेच पहिले औषध होय.

ढेकर काढावा. पाजताना मध्ये एकदा व शेवटी बालकास खांद्याशी उभे धरून पाठीवर हळुवार हात फिरवावा. त्यानंतर वीस ते तीस मिनिटे उभेच धरावे. दूध पाजताच झोळीत घालू नये. झोळीत पोट मुडपते व दाब वाढतो.

दिनचर्येचा क्रम बदलावा. अभ्यंग व स्नान पाजण्यापूर्वी करावे. पायांवर पालथे घेऊन न्हाऊ घालण्याची आपली पद्धत भरल्या पोटी तर निश्चितच त्रासदायक ठरते. लंगोट पोटावर आवळू नये. धुरी, घरातील तंबाखूचा धूर व मातेचे मिश्री लावणे बंद करावे.

झोपवताना बालक उताणे, सपाट व घट्ट अंथरुणावर असावे. गुळणी घशात अडकेल या भीतीने पालथे झोपवणे हे अकस्मात मृत्यूचा धोका वाढवते. डोक्याखाली राईची किंवा अन्य कोणतीही उशी नको.

वरचे दूध घेणाऱ्या बालकात प्रमाण तपासावे. दिवसाचे एकूण प्रमाण दर किलो वजनास सुमारे १५० मिली धरले जाते. त्याहून फार अधिक पाजले जात असेल, तर थोडे थोडे व अधिक वेळा द्यावे. पाणी घालून पातळ करणे किंवा स्वतःच्या मनाने पेज मिसळणे टाळावे. स्तन्यपान चालू असलेल्या बालकाचे दूध तोडून डबा सुरू करण्याचा सल्ला तर कधीही देऊ नये.

(६) औषधविषयक विवेक

क्षीरप बालकाच्या व्याधीत धात्रीचीही चिकित्सा करावी, हे सूत्र आजही मोलाचे आहे. मातेस अग्निमांद्य, आध्मान, मलावष्टंभ असल्यास तिची चिकित्सा अवश्य करावी. तथापि त्याने बालकाची गुळणी थांबेलच, असे आश्वासन देऊ नये.

बालचतुर्भद्र चूर्ण हा मुस्ता, पिप्पली, अतिविषा व कर्कटशृंगी यांचा मान्यवर योग आहे. पण तो मधासह देण्याचा प्रघात आहे. मधात बोट्युलिझम या विकाराच्या जंतूंची बीजे असू शकतात. तान्ह्याच्या आतड्यात ती रुजून अंगाचे स्नायू लुळे पडू शकतात. म्हणून बारा महिन्यांपूर्वी मध देऊ नये. जातकर्म, लेहन व स्वर्णप्राशनाचे शास्त्रसंदर्भ आम्ही जाणतो आणि त्यांचा आदर करतो. परंतु ग्रंथकारांना हे जंतू दिसत नव्हते, आपल्याला दिसतात. ज्ञात झालेला धोका टाळणे हे शास्त्रद्रोह नव्हे, तर शास्त्राचे पालनच आहे.

सूतशेखर रसात पारद, वत्सनाभ व धत्तूर आहेत; तो तान्ह्या बालकास कदापि देऊ नये. कामदुधा, प्रवाळपंचामृत, शंखभस्म ही क्षारधर्मी द्रव्ये ‘निरुपद्रवी’ म्हणून दिली जातात. परंतु जेथे आम्लाधिक्यच नाही, तेथे ती शमवणार काय? बाळगुटीतील जायफळ अधिक उगाळले गेले, तर बालक गुंगते व ‘शांत झाले’ असा भ्रम होतो. पहिले सहा महिने केवळ स्तन्य, हाच नियम पाळावा.

हा दोष केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. आधुनिक वैद्यकातही अशा बालकांना आम्लनाशके सर्रास दिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित अभ्यासात अशा १६२ बालकांपैकी लॅन्सोप्राझोल घेणाऱ्या व न घेणाऱ्या, दोन्ही गटांत सुधारणा ५४ टक्केच आढळली. औषध घेणाऱ्यांत छातीचे संसर्ग मात्र अधिक होते. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनीही अन्यथा निरोगी बालकात केवळ रडणे वा दूध टाकणे यासाठी ही औषधे वापरू नयेत, असे सुचवले आहे.

(७) औषधालय चालकांस विनंती

मागणी आल्यास तीन प्रश्न विचारावेत : उलटीचा रंग कोणता? ती ओघळते की उडते? दिवसात लंगोट किती वेळा ओला होतो? उत्तर शंकास्पद असल्यास विक्री न करता रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. अनुसूची ई(१) मधील विषद्रव्ये असलेल्या कल्पांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना कायद्यानेच छापलेली असते. ती तान्ह्याच्या बाबतीत शब्दशः पाळावी. दुधाचे डबे व बाटल्या यांची जाहिरात वा नमुने देणे १९९२ च्या कायद्याने निषिद्ध आहे, याचेही स्मरण असावे.

उपसंहार

त्या प्रसंगानंतर आम्ही पहिली खरेदी केली ती तान्ह्या बालकांच्या वजनकाट्याची. आजही दूध टाकणारे बालक आले, की ते प्रथम विवस्त्र करून, पाजण्यापूर्वी त्या काट्यावर ठेवले जाते. वजन व तारीख मातेच्या वहीत लिहिली जाते आणि आठवड्यानंतर त्याच काट्यावर पुन्हा पाहिले जाते. आकडा वाढत असेल, तर आजीला तो दाखवून आम्ही सांगतो, की बाळ जेवढे टाकते त्याहून पुष्कळ अधिक पचवते. बहुतेक माता एवढ्याने निश्चिंत होऊन परततात. आकडा थांबलेला असेल, तर आम्ही पुडी बांधत नाही, चिठ्ठी लिहितो. वैद्यबंधू-भगिनींनी असा एक काटा आपल्या चिकित्सालयात अवश्य ठेवावा, ही विनंती.