कान्हेरीचा शिलालेख आणि छायाचित्राची फाईल

मुंबई उपनगर जिल्ह्यात, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेण्यांचा हा समूह शैक्षणिक सहलींचे नित्याचे ठिकाण होऊन बसला आहे. सहलीबरोबर आलेले शिक्षक चैत्यगृहासमोर मुलांना उभे करून त्यांचे छायाचित्र घेतात. इतिहासाच्या पाठास उपयोगी पडेल म्हणून भिंतीवरील एखाद्या ब्राह्मी लेखाचेही घेतात. शाळेत परतल्यावर मुलांचे चेहरे उत्तम आलेले दिसतात. परंतु लेखाचे छायाचित्र मोठे करून पाहू जाता अक्षरे दगडाच्या रंगात विरून गेलेली आढळतात. कॅमेरा हलका आहे, अशी मग समजूत होते. वस्तुतः दोष पुष्कळदा प्रकाशयोजनेचा आणि त्याच्या खालोखाल फाईलच्या प्रकाराचा असतो. पहिल्याची चर्चा बरीच होते, दुसऱ्याची क्वचितच.

अंकीय कॅमेऱ्याच्या भिंगामागे लक्षावधी सूक्ष्म प्रकाशबिंदूंचा एक पडदा असतो. प्रत्येक बिंदू आपल्यावर किती प्रकाश पडला एवढेच मोजतो. रंग कळावा म्हणून या बिंदूंवर तांबड्या, हिरव्या व निळ्या काचांची जाळी बसविलेली असते. तिचे पेटंट कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांना १९७६ साली मिळाले. निम्म्या काचा हिरव्या असतात, कारण मनुष्याच्या डोळ्याला तेजाचे बारकावे त्या रंगात अधिक कळतात. प्रत्येक बिंदूचे हे माप चांगल्या कॅमेऱ्यात ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्यांमध्ये नोंदले जाते. ही नोंद जशीच्या तशी ठेवली म्हणजे ‘रॉ’ फाईल झाली. तिला ‘कच्ची’ म्हणतात ते याच अर्थाने.

‘जेपीईजी’ हा प्रकार १९९२ साली प्रमाणित झाला. यात रंग, उजळपणा व रेखीवपणा कसा असावा हे कॅमेऱ्यातील यंत्रच ठरवून टाकते, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच ठेवते आणि चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून डोळ्याला सहसा जाणवणार नाहीत असे बारकावे गाळते. त्यामुळे फाईल लहान होते. चोवीस दशलक्ष बिंदूंच्या कॅमेऱ्यात चौदा बिटांची असंकुचित रॉ फाईल सुमारे ४२ मेगाबाइटची भरते, तर त्याच दृश्याची उत्तम प्रतीची जेपीईजी सुमारे १० मेगाबाइटची. (३२ गिगाबाइटच्या कार्डावर प्रत्येकी किती चित्रे मावतील, हे गणित सातवीच्या वर्गास घालण्याजोगे आहे.)

कोकणातील मुलांस हा भेद साळ आणि तांदूळ यांच्या दाखल्याने चटकन समजतो. तांदूळ लगेच शिजविता येतो, वाहून नेण्यास सोपा पडतो. साळ जागा अडविते व कांडल्यावाचून खाता येत नाही. परंतु पेरावयाची झाल्यास साळच लागते. एकदा कांडलेल्या तांदळाचे पुन्हा बियाणे होत नाही.

आता कान्हेरीकडे पाहू. येथील खडक ज्वालामुखीजन्य, खरबरीत आहे आणि शतकानुशतकांच्या पावसाने अनेक लेख झिजले आहेत. झिजलेल्या अक्षराची खाच व भोवतालचा दगड यांच्या छटेत अगदी थोडे अंतर उरते. चेहऱ्याच्या चित्रात एवढा सूक्ष्म छटाभेद गाळला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु लेखाच्या चित्रात तो छटाभेद हेच अक्षर होय. शिवाय तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात दारातून येणारे ऊन प्रखर, तर आतील स्तंभ काळोखात, अशी स्थिती असते. रॉ फाईलमध्ये काळोखातील भाग मागाहून बराच उजळता येतो. जेपीईजीत तसे करू जाता त्या जागी ठिपके व चौकोन उमटतात. मात्र दाराचा उजेड अतिरेकाने पांढराफट्ट पडला असेल तर रॉ फाईलही तो परत आणू शकत नाही. म्हणून छायाचित्र किंचित काळसर घेणे बरे.

एकोणिसाव्या शतकात एडवर्ड वेस्ट यांनी येथील लेखांच्या प्रती हाताने उतरवून प्रसिद्ध केल्या. नव्वदाव्या लेण्यात १००९ व १०२१ साली आलेल्या पारशी यात्रेकरूंनी पहलवी लिपीत कोरलेली नावे आहेत. अशा लेखाचे आज घेतलेले छायाचित्र पुढील पिढीस मूळ दगडाइतकेच उपयोगी पडण्याचा संभव आहे. तेव्हा शिलालेख, गावातील वीरगळ, जुनी हस्तलिखिते, पाडण्यास काढलेली शाळेची इमारत, असे जे पुन्हा टिपता येणार नाही ते रॉमध्ये घ्यावे. क्रीडास्पर्धा, प्रभातफेरी, पोषण आहाराची पंगत यांस जेपीईजी पुरेशी आहे. प्रत्येक प्रसंगी रॉ वापरण्याचा हौशी मंडळींचा आग्रह शाळेच्या संगणकास झेपणारा नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत दोन्ही प्रकार एकदम घेण्याची सोय असते. सहलीस तीच सर्वांत सोयीची.

रॉ फाईलचा आणखी एक उपयोग पुराव्याचा. कान्हेरीच्या याच अरण्याला लागून असलेल्या आरे वसाहतीत मुंबईचे छायाचित्रकार नयन खानोलकर यांनी वस्तीच्या गल्लीतून जाणारा बिबळ्या टिपला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २०१६ साली त्या चित्रास नागरी विभागाचे पारितोषिक मिळाले. चित्रात मागाहून फेरफार झालेला नाही हे तपासण्यासाठी अशा स्पर्धांत अंतिम फेरीच्या चित्रांची मूळ रॉ फाईल मागविण्याचा प्रघात आहे.

वर्गात हा विषय चौकटीच्या कागदावर करवून घ्यावा. चौसष्ट घरांच्या चौकोनात मुलांनी पांढरी, करडी, फिकट करडी व काळी घरे रंगवावीत. एका गटाने ‘पांढरी पाच, काळी तीन’ अशी ओळीवार नोंद करावी. दुसऱ्याने करड्या व फिकट करड्या घरांस एकच नाव द्यावे. नोंदी अदलाबदल करून चित्र पुन्हा काढावयास सांगितले म्हणजे पहिले तंतोतंत जुळते, दुसरे जुळत नाही. पहिल्या रीतीने ‘पीएनजी’ चालते, दुसरीने जेपीईजी. गाळलेली छटा कोणती होती हे दुसऱ्या गटास आठवूनही सांगता येत नाही, याकडे मुलांचे लक्ष वेधावे.

रॉ फाईलची नावे कंपनीगणिक निराळी असतात: कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. ‘अडोबी’ने २००४ साली डीएनजी हा खुला प्रकार काढला; पुष्कळ भ्रमणध्वनींत तोच मिळतो. या फाईली उघडण्यासाठी ‘डार्कटेबल’ हा विनामूल्य कार्यक्रम आहे. काही भ्रमणध्वनी एचईआयसी प्रकारात चित्रे साठवितात, ती शाळेच्या जुन्या संगणकावर उघडत नाहीत. सहलीपूर्वीच मांडणीत ‘जेपीईजी’ निवडावे.

जेपीईजी कापून, उजळून वारंवार साठविल्यास दर वेळी आणखी काही गळते. यास्तव मूळ फाईलला हात न लावता प्रतीवर काम करावे. व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र म्हणून पाठविल्यास ते आकसते, ‘दस्तऐवज’ म्हणून पाठविल्यास तसेच पोहोचते. सहलीहून परतल्यावर कार्ड पुसण्यापूर्वी मूळ फाईली दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवाव्यात आणि फाईलच्या नावात लेण्याचा क्रमांक व दिनांक लिहावा. भित्तिपत्रकासाठी लागणारी जेपीईजी त्यानंतर सवडीने काढता येते.