खोकला, गावचा डॉक्टर आणि सरकारी दवाखाना

उसात काणीचं एक बेट दिसलं तरी आपण ते पोत्यात झाकून उपटतो. घरातल्या खोकल्याची मात्र महिना-महिना बाटलीवर बोळवण होते!

क्षयाचा रोगी बहुधा आधी गावच्या डॉक्टरकडंच जातो. त्यात गैर काही नाही. तो घर ओळखतो, अडीनडीला उधारीही ठेवतो. पण प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्ता नसला की घरातल्या पोरांची तपासणी राहते. रोगी बरं वाटताच गोळ्या सोडतो, आणि जंतू पुढं त्या गोळ्यांना दाद देत नाही.

म्हणून २०१२ पासून खासगी डॉक्टरनंही प्रत्येक क्षयरोगी सरकारकडं नोंदवणं बंधनकारक आहे. रोगी हातचा जाईल, असं काही डॉक्टरांना वाटतं. आमच्या मते ही भीती फुकाची. उपचार त्याच डॉक्टरचे चालू राहू शकतात. सरकारी तपासणी व गोळ्या मोफत मिळतात, साध्या क्षयाला साधारण ६ महिने. आहारासाठी रोग्याच्या खात्यात दरमहा १,००० रुपये येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते. डॉक्टरलाही नोंदीचं मानधन आहे.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर डॉक्टरांना म्हणावं, "थुंकी तपासायला केंद्रावर चिठ्ठी द्या."

तोडणीच्या टोळीचं काम अधिक नाजूक. हंगाम संपला की बिऱ्हाड हलतं आणि गोळ्या तुटतात. नोंदीचा निक्षय क्रमांक असला की गावाकडच्या केंद्रात उपचार पुढं चालतात. मुकादमाला हे पट्टा पडायच्या आधीच सांगून ठेवावं.