कल्पित वीराचा पोशाख

कथेंतील कल्पित वीरास मध्ययुगीन युरोपी पोशाख योजावयाचा असल्यास प्रथम त्याचा दर्जा व व्यवसाय ठरवावा. इंग्लंडांत १३६३ सालच्या कायद्यानें नांगऱ्यांस व गाडीवानांस जाडेंभरडें लोकरी कापडच वापरण्याची मुभा होती; तेव्हां शेतकरी वीराच्या अंगावर रेशीम दिसलें, तर तें कोठून आलें हें कथेनें सांगितलें पाहिजे. त्यानंतर बेतणीचा विचार करावा. ग्रीनलंडांत हेर्योल्फ्सनेस येथें १९२१ सालीं उत्खननांत सांपडलेल्या मध्ययुगीन लोकरी अंगरख्यांना त्रिकोणी कळ्या जोडलेल्या आहेत. त्यांमुळें खालीं घेर येऊन चालणें सुलभ होतें. वीर घोडेस्वार असल्यास अंगरख्यास पुढेंमागें चीर ठेवावी. कल्पना स्वैर असो; वस्त्रांत मात्र माणसास चालतां, वाकतां व राबतां आलें पाहिजे.