हौशी विमानातील तारजोड

घराच्या भिंतीतील तार वर्षानुवर्षे निश्चल असते. विमानातील तार मात्र एंजिन चालू असेपर्यंत अखंड थरथरते. स्वतःचे विमान स्वतः बांधणाऱ्याला म्हणूनच घरगुती वीजकामाच्या सवयी सोडाव्या लागतात. एकेरी जाड तार कंपनाने शिणून तुटते. त्यासाठी अनेक बारीक तारांचा पीळ वापरतात. त्याला डाख दिला की जोड भक्कम दिसतो खरा. परंतु वितळलेला डाख पिळात वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो आणि ताठपणा जेथे संपतो नेमकी तेथेच तार तुटते. यास्तव टर्मिनल योग्य मापाच्या चिमट्याने दाबून बसवितात व तारेवरील आवेष्टनही त्यात पकडतात. डाख निषिद्ध नव्हे. मात्र त्यालगतच्या तारेला आधार हवाच.

फ्यूज असतो तो तारेच्या रक्षणासाठी, उपकरणाच्या नव्हे. म्हणून तो विजेच्या उगमाजवळ बसवावा. उगम व फ्यूज यांमधील तार असंरक्षितच राहते, आणि ती पेटली तर धूर वैमानिकाच्या कक्षात भरतो.

१९७५ साली प्रथम उडालेल्या बर्ट रुटान यांच्या ‘व्हेरी-ईझी’सारख्या काचतंतूंच्या विमानांत आणखी एक अडचण असते. धातूचा सांगाडा नसल्याने प्रवाहाच्या परतीसाठीही स्वतंत्र तार ओढावी लागते, आणि ती जाणाऱ्या तारेइतकीच जाड असावी लागते.