चौकशी करून गेलेल्या पाहुण्यांसाठी

बाय, तुझ्या नागावच्या होमस्टेला मागणी नाही असं मनातसुद्धा आणू नकोस. चौकशा येतायत की! दर विचारतात, फोटो मागतात, ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतात आणि गप्प होतात. त्यांचं मन उडालेलं नसतं गं. कुणाची रजा, कुणाच्या मुलाची परीक्षा, चार घरांच्या सुट्ट्या जुळवायच्या असतात. तेवढ्या दिवसांत त्यांना तुझी आठवण राहायला हवी, आणि तुला तर स्वयंपाकघरातून मान वर करायला फुरसत नसते. म्हणून सांगते, मेलची मालिका लावून ठेव. चौकशीचा फॉर्म भरला की पहिला मेल आपोआप जाईल आणि पुढचे ठरलेल्या दिवशी.

पहिल्यात खोलीचा दर, जेवणाचा वेगळा खर्च, ॲडव्हान्स, रद्द केलं तर किती परत, सगळं स्वच्छ लिही. दोन-तीन दिवसांनी दुसरा: यायचं कसं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवून मांडव्याला उतरता येतं, हे अजून कितीतरी ठाणे-डोंबिवलीकरांना ठाऊक नाही. तिसरा आठवड्याने, आणि तो जीव ओतून लिही. थंडीत मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात शिजणारी वालाच्या शेंगांची पोपटी, मग उन्हं तापू लागली की रस्त्याकडेला लटकणाऱ्या पांढऱ्या कांद्याच्या माळा. त्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, तेही सांग. ज्याला ‘समुद्रकिनारी खोली’ एवढंच हवंय, तो कुठेही जाईल. पोपटीसाठी येणारा तुझ्याकडेच येईल.

पण आपला किनारा बारा महिने सारखा नसतो, हे यंत्राला कळत नाही. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद, जंजिऱ्याच्या होड्या बंद. मार्चमध्ये लिहिलेला ‘लाँचने या’ जुलैत गेला, तर माणूस पोरांना घेऊन गेटवेवर ताटकळत उभा राहील. दोन मालिका ठेव, पावसाळ्याची वेगळी. आणि कुलाबा किल्ल्याचं लिहिताना वेळ घालूच नकोस. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, पण ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ‘तुमची तारीख कळवा, ओहोटीची वेळ मी सांगते’ एवढंच लिही. बघ, लोक उत्तर देतील.

आणि उत्तर आलं, की मालिका त्या माणसापुरती तिथल्या तिथे थांबली पाहिजे. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. ॲडव्हान्स भरलेल्या बाईंना दुसऱ्या दिवशी ‘अजून विचार करताय का?’ असा मेल गेला, तर त्यांना वाटणार, इथे आपली नोंदच नाही. तेव्हा सुरू करण्याआधी थांबवायची अट लाव, स्वतःच्या पत्त्यावर तपासून बघ. उत्तर आल्यावर पुढचं बोलणं तुझं, हाताने.

जुन्या वहीतले पत्ते मात्र यात घालू नकोस. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पाया संमती आहे, आणि दिलेली संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असायला हवं. फॉर्मवर ‘मला माहिती पाठवा’ची चौकट ठेव, ती आधीच टिक केलेली नको. प्रत्येक मेलखाली ‘बंद करा’ची लिंक दे. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलही कडक झालंय: स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली हव्यात, म्हणजे हजारात तीनसुद्धा नकोत. साध्या जीमेलच्या पत्त्यावरून मालिका चालवू नकोस. होमस्टेच्या नावाचं डोमेन घे आणि मेल खरंच तुझ्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी कुणा जाणत्याकडून करून घे. थोडक्या वेळाचं काम आहे, पण ते नसेल तर एवढं मनापासून लिहिलेलं स्पॅममध्ये पडून राहील.

गणपती उरकले की दिवाळीच्या चौकशा सुरू होतील. त्याआधी तिन्ही मेल लिही आणि मला पाठव. पोपटीचा आधी पाठव, तो मला नीट वाचायचाय.